आखूड पायाखालची वही

रत्नागिरी, ५ मार्च २०२५

चि. निशिगंधास,

आशीर्वाद. राग असला तरी ते द्यावे लागतात. मामा असण्याची ही एक अडचण आहे.

फोन करू नकोस. सकाळपासून तुझे नऊ झाले. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो, ही वाटणी मला मान्य नाही. काय ते लिहून पाठव. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तिथवर पोचेपर्यंत माणसाचा राग निम्म्यावर येतो असा माझा समज आहे. दादूचा टेम्पो लांज्याहून एक दिवसाआड कारखान्यात माल घेऊन येतो. चिठ्ठी त्याच्याकडे दे.

सोमवारी तू काय केलंस ते तुलाच ऐकवतो, कारण करताना तुला ते दिसलं नसावं. माझ्या कारखान्यात, माझी चौदा माणसं काम करत असताना, आठ महिन्यांपूर्वी फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन माझ्याकडे चिकटलेली माझी भाची झाकणं बसवायचं यंत्र बंद करते आणि सर्वांदेखत म्हणते, "मामा, हे डबे विकलेत तर माणसं मरतील."

गोदाच्या हातातला झारा खाली पडला. बावीस वर्षांत तिच्या हातून काही पडलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता माझी बाजू. आंब्याचा रस डब्यात भरायचा, झाकण बसवायचं, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायचा. बावीस वर्षं हेच करतोय आणि पहिलं वर्ष सोडलं तर माझा एक डबा फुगलेला नाही. यंदा कुयरीची भाजी केली. कोवळा फणस, गोदाचा मसाला, सहाशे चाळीस डबे. मुंबईचा व्यापारी निलेश पाडव्याला मागतोय. मुंबईत बसलेली आपली माणसं कुयरीसाठी किती झुरतात ते तुला पुस्तकात सापडणार नाही. डबे तेवढेच उकळले आहेत. आता एकवीस दिवस झाकणांवर नजर ठेवायची. झाकण वर आलं नाही तर चोवीस तारखेला पहिला डबा फोडू. हीच माझी प्रयोगशाळा.

तुझी वही इथेच राहिली. झाकणयंत्राच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे हे तुला ठाऊक आहे. वही त्याखाली बरोब्बर बसली आणि टेबल डुगडुगायचं थांबलं. पुस्तकी ज्ञान धंद्याला उपयोगी पडतं, हे मी आता लेखी मान्य करतो.

हरिमामा


लांजा, ७ मार्च

ती. मामा,

नमस्कार. पुढचं नमस्काराला धरून नाही.

क्रियापदापर्यंत पोचले. राग होता तेवढाच आहे.

मी यंत्र बंद केलं ते सोमवारी. त्याआधी जानेवारीत दोनदा सांगितलं होतं, तुमच्या टेबलापाशी, दार लोटून, हळू आवाजात. पहिल्यांदा तुम्ही हसलात. दुसऱ्यांदा चहा मागितलात. म्हणून तिसऱ्यांदा चौदा माणसांसमोर सांगावं लागलं.

पुन्हा सांगते. मातीत एक जंतू असतो. त्याचं बीज उकळत्या पाण्यात मरत नाही. अर्धा तास काय, दोन तास उकळा. हवा नसलेल्या बंद डब्यात ते रुजतं आणि विष तयार करतं. आंब्याच्या रसात ते रुजू शकत नाही, कारण रस आंबट असतो. कुयरी आंबट नाही. सगळा फरक एवढाच आहे. आंबटपणा मोजायचं एक माप आहे, त्याला सामू म्हणतात. साडेचारच्या खाली असला की निर्धास्त. तुमच्या भाजीचा मी मोजला तो पाच पूर्णांक सात. वहीत बाविसाव्या पानावर लिहिलाय. टेबल उचलून बघा.

असा डबा फुगतोच असं नाही. वास येतोच असं नाही. चव उत्तम लागेल, कारण मसाला गोदाकाकूचा आहे. दुसऱ्या दिवशी पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात. मग घोट उतरत नाही. मग श्वास. म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेत जे तपासलं जातं त्यातलं एकही या विषाला लागू नाही.

उपाय दोनच. दाबाचं यंत्र घ्या, एकशे एकवीस अंशांवर डबे शिजवा. नाहीतर भाजी मुळातच आंबट करा, आणि मोजून करा. ते सहाशे चाळीस मात्र कुठेही जाता कामा नयेत. गेले तर मी अन्न खात्याला कळवीन. मामा असलात तरी.

आणि एक. सगळ्यांसमोर तुम्ही मला म्हणालात, "तुझं शास्त्र बाहेर चपलांजवळ ठेव आणि मग आत ये." मी चपला घालून निघून आले. शास्त्र बरोबर आणलंय.

निशिगंधा


रत्नागिरी, १२ मार्च

चि. निशिगंधास,

आशीर्वाद, या खेपेला थोडे कमी.

दादू विचारत होता, "काय वो मामानू, दोघांचेय मोबाईल एकदम बिघडले काय?" त्याला म्हटलं, मोबाईल धड आहेत, माणसं बिघडली आहेत. हसला आणि भाडं वाढवून मागितलं. व्यवहारज्ञान म्हणतात ते हे.

सामूची ओळख झाली. नाव वाचून आधी मला वाटलं, लांज्याचा कोणी नवा गडी ठेवायला सांगते आहेस. त्याचं वय साडेचारच्या आत असावं लागतं हेही कळलं. माझ्या कारखान्यात मात्र तो कधीच कामाला नव्हता आणि त्याच्यावाचून बावीस हंगाम गेले.

शास्त्राबद्दल तू मला शिकवू नकोस. मी न्यायशास्त्र (कोर्टाचं नव्हे, तर्काचं) घेऊन एम.ए. झालो, विद्यापीठात पहिला आलो. त्यानंतर नोकरी नाही म्हणून सासऱ्यांच्या कारखान्यात आलो आणि पहिल्याच वर्षी चारशे डबे नासवले. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, चारही प्रमाणं मला तोंडपाठ होती; त्यातल्या एकानेही झाकण नीट बसलं की नाही ते सांगितलं नाही. सांगितलं ते गोदाने, चौथी नापास झालेल्या. झाकणावर नख मारून आवाज ऐकायला तिने शिकवलं. मी जे शिकलो ते डबे फेकून शिकलो. तू काय फेकलंस आजवर?

मागच्या वर्षी उद्योजकांच्या शिबिरात एक तज्ज्ञ आले होते. दोन दिवस पडद्यावर बाण आणि चौकोन दाखवत होते. मधल्या सुट्टीत त्यांना विचारलं, साहेब, आपण काय विकता? म्हणाले, "मी विकत नाही, मार्गदर्शन करतो." जेवणात मात्र माझ्याच रसाच्या तीन वाट्या झाल्या. अशा लोकांच्या हाती माझं पोट देऊ? पाडव्याचा हा माल गेला तर आंबा नसलेल्या आठ महिन्यांत या चौदा जणांना काम मिळेल. नाही गेला तर जूनपासून त्यांना घरी बसवायचं, आणि ते सांगायला तुझा सामू येणार नाही. मला जावं लागेल.

अन्न खात्याला कळव. पत्ता नसेल तर मी देतो.

चोवीस तारखेला पहिला डबा मी फोडणार आणि मीच खाणार. शिमगा आटपून सगळे कामावर आलेले असतील. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे: नव्या जिन्नसाचा पहिला डबा आधी मालकाच्या तोंडी, मग सगळ्यांच्या हातावर. एवढं प्रत्यक्ष प्रमाण पुरे.

हरिमामा


लांजा, १७ मार्च

ती. मामा,

तुमचं पत्र आईने वाचलं आणि देवापाशी जाऊन बसली. तुमची सख्खी बहीण आहे ती. तिला काय सांगू, की तुझा भाऊ मला हरवण्यासाठी विष खाणार आहे?

विचारलंत, मी काय फेकलं. मी काही फेकलेलं नाही. ज्यांनी फेकलं, ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांनी मोजून, लिहून ठेवलं म्हणून मला फेकावं लागलं नाही. पुस्तक म्हणजे तेच असतं. दुसऱ्यांनी नासवलेले चारशे डबे.

मी दहा वर्षांची होते. तुमच्या झोपाळ्यावर बसून तुम्ही विचारलंत, "गंधे, धूर दिसला की विस्तव असतो. मग विस्तव असला की धूर असणारच का?" मी म्हटलं, असणारच, आमच्या चुलीला असतो. तुम्ही मला तसंच उठवून लोहाराकडे नेलंत. लालभडक तापलेली पहार दाखवलीत. विस्तव होता, धूर नव्हता. येताना म्हणालात, "तुमच्या चुलीतला धूर विस्तवाचा नव्हे, ओल्या लाकडाचा. अट लपून बसलेली असते. ती दिसत नाही तोवर माणसाला वाटतं, आपल्याला नियम सापडला."

मामा, बावीस वर्षं तुमचे डबे उकळत्या पाण्याने टिकले नाहीत. आंब्याच्या आंबटाने टिकले. ती लपलेली अट तुम्ही कधी पाहिली नाहीत, कारण आंब्याने ती तुम्हाला कधी मोडूच दिली नाही. आता कुयरी आहे. ओलं लाकूड नाही.

हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. तुम्ही शिकवलंत. आणि तुम्हीच ते चपलांजवळ ठेवून आत जाता.

मामीने मला सांगितलंय की हे वाक्य तुमचं नाहीच. तुम्ही कारखान्यात पहिल्यांदा आलात तेव्हा तुमच्या सासऱ्यांनी कामगारांसमोर तुम्हाला ऐकवलं होतं, "शास्त्रीबुवा, ते चपलांजवळ ठेवा." तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हतात. मीही जेवले नाही, तुमच्या माहितीसाठी.

गोदाकाकूला मी फोन केला. म्हटलं, चोवीस तारखेला हात पुढे करू नकोस. ती म्हणाली, "बाय गो, बावीस वर्सं त्येंच्या हातचा खातेय. आता हात मागं घेव काय?"

हे तुम्हाला ऐकवायचं होतं. अन्न खात्याचं पत्र लिहून ठेवलंय. डबे फाटकाबाहेर पडले की ते टपालात पडेल.

निशिगंधा


लांजा, २५ मार्च, सकाळी

मामा,

काल चोवीस होती. दादू आला नाही. मामी फोन उचलत नाही, तुमचा बंद. दादू आत्ता निघतोय, त्याच्या हाती देते. दोन ओळी लिहा. शिव्या लिहा, चालेल. दुपारपर्यंत काही आलं नाही तर मी एसटीत बसते.


रत्नागिरी, २५ मार्च

चि. निशिगंधास,

जिवंत आहे. एकाचा एकच दिसतो.

खाल्लं नाही. का, ते सांगायला मी बांधील नाही.

तीन डबे कोल्हापूरला एका प्रयोगशाळेत पाठवले आहेत. निलेशला थांबवलंय. तो माझ्यावर भडकलाय आणि मी तुझ्यावर. तू कोणावर भडकायचं ते शोध. निकाल आला की चौकटीत घालून तुला पाठवीन.

एसटीत बसू नकोस. तोंड बघायची माझी तयारी नाही.

हरिमामा


लांजा, १५ एप्रिल

ती. मामा,

निकाल दादूकडून कळला. तुमच्याकडून नाही. "सगला चांगला हाय म्हनतात, गंधाबाय. उद्या सगले डबे टेम्पोत भरायचे हायत."

मला वाटलं होतं तुम्ही थांबलात. नुसते कागदाची वाट बघत होतात.

अहवाल खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो खरा आहे, तीन डब्यांबद्दल. राहिलेल्या सहाशे सदतीसांबद्दल त्यात एक अक्षर नाही. बीज प्रत्येक डब्यात नसतं. एखाद्या फणसाला माती लागलेली असते, त्याच्या चार फोडी एका डब्यात जातात, बस. तुम्ही तीनदा दगड मारून विहिरीत साप नाही असं ठरवलंत.

तुमच्याकडून दुसरं काही होईल असं मला वाटायला नको होतं. वाटलं, ही माझी चूक.

पत्र आज टपालात टाकलं.

निशिगंधा


रत्नागिरी, २८ एप्रिल

चि. निशिगंधास,

तुझे साहेब काल आले होते. दोघे. गोदाम बघितलं, रजिस्टर बघितलं, रिकामी फळी बघितली. मी चहा दिला. मोठ्याने विचारलं, "माल कुठे आहे?" मी त्यांना दादूच्या टेम्पोत बसवून घेऊन गेलो.

दादूच्या वाडीमागे कातळावर जुनी चिरेखाण आहे, बंद पडलेली. सोळा तारखेला सहाशे छत्तीस डबे आम्ही तिच्यात टाकले, न उघडता, वर चुना आणि त्यावर दोन ट्रॅक्टर माती. तू पंधरा तारखेला पत्र टाकलंस. टेम्पो भरतोय म्हणजे माल मुंबईला निघाला, असं तू ठरवलंस. विस्तव दिसला आणि धूर धरून बसलीस. टेम्पो खाणीकडेही जातो, बाय. तुझ्याही अनुमानात एक अट लपली होती: मामा मूर्ख असला पाहिजे. ती तपासायला तुला एक फोन पुरला असता. नऊ करायची तुला सवय आहे.

याचा मला राग आला आहे आणि तो मी लवकर सोडणार नाही.

साहेबांनी खाण बघितली, फोटो काढले, माझी सही घेतली. धाकटा जाताना म्हणाला, "काका, रिपोर्ट चांगला असताना माल पुरणारे तुम्ही पहिलेच." मी म्हटलं, भाची शिकलेली आहे. तो शब्द कौतुकाचा नव्हता. त्याला तसा वाटला असल्यास माझा इलाज नाही.

आता चोवीस मार्चचं सांगतो, नाहीतर गोदा सांगेल आणि तिच्या सांगण्यात मी रडलेला असेन. रडलो नाही.

सगळे जमले. मी डबा फोडला. वास असा आला की मागे उभा असलेला बाबल्या वॉचमनसुद्धा पुढे सरकला. चमचा भरला. मला भीती वाटत नव्हती. एकटा असतो तर खाल्लं असतं, हे लिहून ठेव. पण चमचा तोंडाशी नेताना गोदाने हात पुढे केला, प्रसादाला करतात तसा, उजव्याखाली डावा. तिच्यामागे कामावरच्या चिमाचा. मग सगळ्यांचे. माझा घास व्हायच्या आधी चौदा हात तयार होते. तू गोदाला सांगितलं होतंस, तिला सगळं माहीत होतं, आणि तरी तिचा हात सर्वांत पुढे.

त्या हातांकडे बघताना मला कळलं की मी ज्याला प्रत्यक्ष म्हणत होतो ते यांच्यासाठी शब्दप्रमाण होतं. यांनी काही तपासलं नव्हतं. मामा म्हणतो म्हणून. सासऱ्यांनी चपलांजवळ ठेवायला लावलेलं ते सगळं त्या क्षणी आत आलं आणि माझ्या छातीवर बसलं. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, मीठ कमी पडलंय, आज नको. गोदा म्हणाली, "मीठ मी घातलंय." बावीस वर्षांत तिच्या मिठाला मी पहिल्यांदा नाव ठेवलं. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. हेही तुझ्या खात्यावर.

मग अहवाल आला: निर्दोष. निलेशचा फोन आला, "शेट, कागद हातात आहे, आता कशाला थांबता? पाठवा." खरं सांगतो, पोरी, तुझ्यावरचा सगळा राग त्या कागदाने निघाला असता. चौकट आणायलासुद्धा मी बाजारात गेलो. चौकट घेऊन आलो, टेबलापाशी बसलो, आणि टेबल उचललं.

बाविसावं पान वाचलं. तेविसावंही. तिथे तू लिहिलं आहेस: "तीन डबे तपासून चांगले निघाले, तर मामा म्हणतील, बघ." फेब्रुवारीतली तारीख आहे. माझ्या आधी दीड महिना तू मला तिथे 'बघ' म्हणायला लावून ठेवलं होतंस. एवढा अपमान सासऱ्यांनीही केला नव्हता.

त्यानंतर निलेशला नाही म्हणालो. तो पुन्हा माझ्याकडून काही घेणार नाही असं म्हणतो; घेईल, त्याला हापूस दुसरीकडे असा मिळत नाही. पण जूनपासून, चौदाही नाही तरी, सहा जणांना घरी बसवावं लागेल. ते मी परवा त्यांना सांगितलं. तू नव्हतीस तिथे.

शास्त्राचा मला राग आहे तो या जागी, आणि तो तुझ्या कॉलेजात कुणी लिहीत नसेल म्हणून मी लिहितो. माझा अनुभव चुकला तर डबा फुगतो, दिसतो, मी शहाणा होतो. तुझं शास्त्र बरोबर निघालं तर काहीही घडत नाही. कोणी मेलं नाही. खाणीत सहाशे छत्तीस डबे आहेत, त्यातला एक वाईट होता की एकही नव्हता, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. मी माणसं वाचवली की सहा जणांची भाकरी मातीत घातली, हे मी कोणाला विचारू? सहा जण मला रोज दिसतात. वाचलेले कधी दिसणार नाहीत. या हिशेबावर धंदा करायचा म्हणजे देवावर करावा तसा विश्वास लागतो, आणि तो मला एका पंचवीस वर्षांच्या मुलीच्या अक्षरावर ठेवावा लागला. अक्षरही धड नाही.

गोदाचं म्हणणं तुला कळवतो, कारण ती मला सोडत नाही. ती म्हणते, तिची आई कुयरी आमसुलाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, पावसाळा संपेपर्यंत टिकायची. "आंबट करायची ना? मग करू की. त्यात काय शास्त्र?" किती आमसूल, ते ती मुठीने सांगते. मूठ कोणाची, तर तिच्या आईची. ती वारली. फोडीच्या पोटापर्यंत आंबट पोचलं की नाही ते मुठीला कळत नसणार, एवढं मलाही आता कळतं. मोजायला सामू लागेल. त्याला घेऊन येणारं माणूस लांज्यात आहे.

मी ये म्हणत नाही. माझा राग गेलेला नाही, तुझाही गेलेला नसावा. गेला असल्यास कळवू नकोस, मला एकट्याला रागवायला आवडत नाही. फक्त वस्तुस्थिती सांगतो. हापूस पाच मेपासून सुरू होतोय. चपला आत घेऊन यायला आता कोणी अडवत नाही. आणि वही माझ्या खणात आहे, त्यामुळे टेबल पुन्हा डुगडुगतंय.

हरिमामा